शेजारचा पोहरा

विहिरीचं पहिलं पाणी काढायच्या आधी आमच्या इथे पोहरा चाटून बघतात. आतून, शिवणीवरून, काठावरून, सगळीकडून. परवा हल्मुराद सरदाराच्या नातवाने नवी विहीर खणली तेव्हा कुणी पाहुणा हसला, म्हणाला, हे काय मांजरासारखं? तर नातू ताठ होऊन म्हणतो, वाडवडलांपासूनची रीत आहे आमची. मी तिथेच बसले होते. वाडवडलांपासूनची, डोंबलाची. ती रीत मी पाडली, आणि ज्याच्यामुळे पाडली त्याचं नाव यांच्यातल्या एकालाही माहीत नाही.

मी इथली नव्हे. डोंगरापलीकडे खोरासानात आमचं गाव. तिथे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून येतं आणि ते बोगदे खणणं हे आमच्या घराण्याचं काम. बापाला मुलीच मुली झाल्या, तेव्हा त्याने माझं नाव गुलबस ठेवलं, म्हणजे फुलं आता पुरे. देवाने ऐकलं बहुतेक, कारण माझ्या पाठीवर भाऊ झाला, यावर. तो मला आबजी म्हणायचा, तिकडे मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. मी त्याला काय काय म्हणायचे ते सोडा.

खरबुजं उतरवायच्या दिवसांत तुर्कमान घोडेस्वार आले आणि शेतात होतो तसे आम्हा दोघांना उचलून घेऊन गेले. वाळवंटात पोचल्यावर हल्मुराद सरदाराने एकेकाला विचारलं, तुला काय येतं. शहाणी पोरं म्हणाली, मेंढ्या राखता येतात. आमच्या चिरंजीवांनी छाती काढून सांगितलं, मी खणणाऱ्यांच्या घरचा, सात पिढ्यांचा. अजून ओठावर मिसरूड नव्हतं. तोंड आवरलं असतं तर आज कुठेतरी मेंढ्या राखत म्हातारा झाला असता.

सरदाराला विहिरी हव्या होत्या. खीवाला जाणारे तांडे पाण्यापाशी थांबतात आणि थांबले की पैसे मोजतात. एकाच जोडीला खणायला लावलं तर ती रेंगाळते, हे त्याच्या ध्यानात आलेलं होतं. म्हणून तो दोन जोड्या लावायचा, दोन विहिरी, हाकेच्या अंतरावर. ज्या विहिरीला आधी गोड पाणी लागेल ती जोडी मशहदच्या तांड्याबरोबर घरी जाणार. दुसरी खीवाच्या गुलामांच्या बाजारात. हे त्याने भाकरीवर हात ठेवून सांगितलं. माणूस शब्दाचा पक्का होता, पंचाईत तीच होती. खोटारडा असता तर आम्ही एवढी घाई केली नसती.

आमच्या आधीच्या एका विहिरीने खणणारा पोरगा ठेवूनच घेतला होता. ती बुजलेली जागा आम्हाला पहिल्या दिवशीच दाखवली, जपून खणा म्हणून. काळजी आमची नव्हती, फांद्यांची होती. वाळू ढासळू नये म्हणून वाळवंटी झुडपांच्या फांद्यांचा कूड विणत विणत खाली उतरायचं असतं, आणि त्या फांद्या लांबून उंटावर आणाव्या लागतात. दोन्ही जोड्यांना मोजून सारख्याच दिलेल्या. संपल्या की संपल्या.

दुसरी जोडी होती कुचान भागातल्या कुर्दांची. खणायला इवझ, वर त्याची मावसबहीण सनोबर. इवझ थोराड, अबोल, हात फावड्याएवढे. सनोबरच्या जिभेला हाड नव्हतं. वरचं काम म्हणजे रहाटावरून दोर, दोराला उंटीण आणि उंटिणीपुढे आम्ही पोरी. उंटीण पुढे चालली की मातीची टोपली वर येते, मागे फिरली की खाली जाते. दिवसभर आम्ही दोघी अशा समोरासमोर येरझाऱ्या घालायचो आणि तोंडं चालू ठेवायचो.

ती ओरडायची, "काय गं, तुझा भाऊ खणतोय की झोपलाय?"

मी म्हणायचे, "तुझा खणून दमेस्तोवर माझा झोप काढून पुढे जाईल."

संध्याकाळी चौघं एकाच भांड्यातली ज्वारीची आंबील प्यायचो. यावर आणि इवझ एकमेकांना खोली सांगायचे, दोघंही धडधडीत खोटं. यावर जास्त सांगायचा, इवझ कमी. आम्ही भांडलो नाही. भांडायला काय होतं? एकाचं घर म्हणजे दुसऱ्याचा बाजार, हे सगळ्यांना कळत होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

आता पोहऱ्याचं. माती टोपलीने काढतात. पाण्याचा पोहरा वेगळा, उंटाच्या कातड्याचा, पहिलं पाणी लागेपर्यंत त्याला हात लावत नाहीत. दोन विहिरींचे दोन पोहरे पहारेकऱ्याच्या तंबूबाहेर टांगलेले असायचे. आमच्या पोहऱ्याला निळा दोरा, त्यांच्याला लाल. कातडं वाळून तडकू नये म्हणून रोज संध्याकाळी शिवणीवर दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी चोळायची, ते काम आळीपाळीने. उंटांना चाटायला मिठाचे खडे तिथेच पडलेले. मी हे सगळं रोज बघत होते आणि मला काही सुचलं नाही. यावरला सुचलं. त्याची पाळी होती त्या संध्याकाळी त्याने खडा कुटला, चरबीत मळला आणि लाल दोऱ्याच्या पोहऱ्याच्या शिवणींत दाबून दाबून भरला. मला बोलला नाही.

बोलला असता तरी मी काय सांगणार होते? आमच्या गावात ज्याचा पोहरा त्याचा. दुसऱ्याच्या पोहऱ्याला हात लावला तर डोकी फुटतात. त्यांचा पोहरा त्यांच्या विहिरीत जाणार, आमचा आमच्या, यात विचारण्यासारखं आहे काय?

नंतर लवकरच आमच्या विहिरीला पाणी लागलं. आधी टोपलीत ओली वाळू आली, मग चिखल. मी उंटीण सोडून काठावर पालथी पडले. खालून यावरचा आवाज आला.

"आबजी, लागलं. गोड आहे. आईशप्पथ गोड आहे."

मी रडले की हसले आठवत नाही. सरदार आला, सगळी वस्ती गोळा झाली, आणि म्हाताऱ्या नेपेसबाबाला हाताला धरून आणलं. पहिलं पाणी नेहमी तोच चाखायचा. त्याच्या जिभेपुढे सरदाराचाही शब्द चालत नसे. मी धावत जाऊन निळ्या दोऱ्याचा पोहरा काढला. नेपेसबाबा म्हणाला, तो नाही, शेजारचा आण. मी तशीच उभी राहिले. तो चिडून म्हणाला, "पोरी, स्वतःचा पोहरा साक्षीला चालतो का कधी? ज्याची विहीर, त्याच्या शेजाऱ्याचा पोहरा."

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असंही नाही. जेवताना घास तोंडात घालायचा हे कुणी कुणाला सांगतं का? तसं.

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मी लाल दोऱ्याचा पोहरा बांधला आणि खाली सोडला. तो खाली पोचला आणि मग कितीतरी वेळ वर येईना. सरदार म्हणाला, झोपला काय. मी दोर हलवला, परत हलवला, तेव्हा कुठे खालून झटका आला. तेवढ्या वेळात यावर तो पोहरा धूत होता, हे मला मागाहून कळलं. घोट्याएवढं गढूळ पाणी, आणि शिवणीत मुरलेली चरबी. धुऊन काय धुणार.

नेपेसबाबाने ओंजळ भरली, तोंडात घोळवली आणि थुंकला.

"खारं."

मी म्हणाले, बाबा, परत एकदा बघा. तो म्हणाला, मी दोनदा थुंकत नाही. सरदाराने हात झटकले. कधीकधी खाऱ्याच्या खाली गोड असतं, म्हणाला, सकाळपासून अजून खाली जा. फांद्या संपल्या होत्या, हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, म्हणजे त्याला ते माहीत होतं.

यावर वर आला तो कुणाकडे बघत नव्हता. तंबूमागे आम्ही दोघंच बसलो तेव्हा म्हणाला, "आबजी, मीठ मी लावलंय. मला वाटलं त्यांचा पोहरा त्यांच्याच विहिरीत जाणार. दुसरा कुठे जाईल?"

मी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. त्याने गप मारून घेतली. मग मी म्हणाले, चल, सरदाराला सांगू, पाणी गोड आहे. तो म्हणाला, आणि मग? या मुलखात पाणी नासवणाऱ्याचे हात तोडतात. हात तोडू देत एक वेळ, पण तुला त्याच दिवशी खीवाच्या रस्त्याला लावतील. तिथे पोरी कुणी मेंढ्या राखायला विकत घेत नाही.

त्याने सगळा विचार करून ठेवला होता. उद्या खाली जायचं, थोडं उकरल्यासारखं करायचं, आणि पाणी बदललं म्हणून हाक मारायची. परत तोच पोहरा येईल, तो आता बराचसा धुतला गेला होता आणि पहारेकऱ्याच्या बायकोने वर रिकामा केल्यावर खळबळूनही घेतला होता. या वेळी पाणी गोड निघेल आणि कुणाला काही कळायचं नाही. मला पटलं. पटण्यासारखंच होतं.

आमच्याकडचे खणणारे पांढरा सदरा घालून उतरतात. अंधारात माणूस दिसतो म्हणून, आणि वेळ आलीच तर कफन वेगळं शिवायला नको म्हणून. यावरने सकाळी तो घातला आणि मला म्हणाला, "उंटिणीला सांभाळून चालव, तिला तुझ्यापेक्षा कमी अक्कल आहे." थोबाडीत खाल्लेली असूनही थट्टा सुचत होती. मी म्हणाले, खाली लवकर आटप.

उकरल्यासारखं करायचं, हे वरून सोपं वाटतं. सरदाराचा माणूस काठावर येऊन बसला आणि प्रत्येक टोपलीत हात घालून बघायला लागला. अर्धी टोपली आली की खाली शिवी हासडायचा. पाण्याखालची वाळू खणली की बाजूची आत येते, ती काढली की आणखी येते, आणि वरचा कूड अधांतरी लोंबकळत राहतो. यावरला हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तो सात पिढ्यांचा होता. एकदा त्याने वर हाक दिली, पाणी बदललं, पोहरा पाठवा. सरदाराचा माणूस म्हणाला, आणखी दहा टोपल्या.

मी उंटीण घेऊन पुढे चालले होते. दोर ताणला आणि उंटीण अडली. मी तिला ओढली, तिने मान उंचावली आणि जागची हलेना. मागे काहीतरी बसल्यासारखा आवाज झाला, मोठा नाही, पोतं टेकवल्यासारखा. मी वळले तर काठावर तो माणूस उभा राहून खाली बघत होता आणि विहिरीतून धूळ येत होती. मग मी ओरडत सुटले. काय ओरडले ते मला माहीत नाही.

इवझ त्याच्या विहिरीतून वर आला. सरदाराने त्याला अडवलं, कारण एका दिवसात दोन खणणारे घालवणं त्याला परवडणारं नव्हतं. इवझने त्याचा हात बाजूला केला, कमरेला दोर बांधला आणि उतरला. फावडं चालवायला जागा नव्हती, त्याने हातांनी उकरलं. दोनदा त्याच्यावर वाळू आली, दोनदा आम्ही ओढून काढला. तिसऱ्यांदा सरदाराच्या माणसांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. त्याच्या हातांची नखं उचकटली होती आणि मुठीत पांढऱ्या कापडाची एक चिंधी होती. तेवढीच मिळाली.

ज्या विहिरीने खणणारा घेतला ती तशीच बुजवतात. बुजवली.

मी काही दिवस काय करत होते, सांगता येत नाही. उंटिणीला चारा घालत होते म्हणे. मला यावरचा राग येत होता. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागवले, अजून रागवते. सात पिढ्यांचा खणणारा, आणि साधं विचारता आलं नाही की बाबांनो, पोहरा कुणाचा वापरता?

मग एके दुपारी इवझच्या विहिरीला पाणी लागलं. खालून तो ओरडला नाही, त्याने फक्त दोर हलवला. नेपेसबाबाला आणायला माणूस गेला. आणि सनोबर माझ्याकडे पोहरा मागायला आली. त्यांच्या विहिरीचा शेजारी म्हणजे मीच. निळ्या दोऱ्याचा पोहरा माझ्या ताब्यात होता.

यावरने मळलेल्या चरबीचा उरलेला गोळा माझ्याकडेच होता, त्याच्या उशाला फडक्यात सापडलेला. मी तो टाकला नव्हता. का टाकला नव्हता, ते मला पुरतं ठाऊक होतं. इवझचं पाणी खारं ठरलं तर तो आणखी खाली जाईल. त्याच्याही फांद्या संपल्या होत्या. मग सरदार नवी जोडी लावेल, मला परत उंटिणीपुढे उभी करेल, आणि मशहदचा तांडा परत एकदा माझ्यासाठी उभा राहील. यावर मेला तो मी घरी जावं म्हणून. मी गेले नाही तर तो कशासाठी मेला?

सनोबर दारात उभी होती. त्या दिवशी तिच्या जिभेला हाड फुटलं होतं. मी म्हणाले, काय पाहिजे. ती खाली बसली आणि म्हणाली, "मला माहीत आहे, गुलबस."

"काय माहीत आहे?"

"त्या संध्याकाळी मी आमचा पोहरा चाटून बघितला. नेपेसबाबा थुंकला ना, तेव्हाच. शिवण सगळी खारट. तुमचं पाणी गोड होतं."

ती रडत नव्हती. म्हणाली, बोलले असते तर तुमचं पाणी तरी गोड ठरलं असतं, नाहीतर यावरचे हात तरी तुटले असते. त्यात आमच्या दोघांचं काय होईल ते मला कळेना. आणि तो पुन्हा खाली गेल्यावर मरेल असं वाटलं नाही. उकरल्यासारखं करून परत हाक मारेल असं वाटलं.

"मलाही तसंच वाटलं," मी म्हणाले.

म्हणजे यावर खाली असताना वर दोन पोरी उंटिणी हाकत होत्या, दोघींना पाणी गोड आहे हे माहीत होतं आणि दोघी गप्प होत्या. मला तिचा गळा धरावासा वाटला. तिनेही धरू दिला असता, अशी बसली होती.

ती एवढंच म्हणाली, "तुझा पोहरा तू जसा देशील तसा मी नेईन. काही बोलणार नाही."

बाहेर इवझ वर आला होता आणि रहाटाला टेकून उभा होता. हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. त्या हातांनी तो इतके दिवस खणत होता. दुसऱ्याच्या भावासाठी नखं देऊन मग उरलेल्या हातांनी. मी चरबीचा गोळा फडक्यासकट उचलला, बाहेर नेऊन उंटिणीपुढे टाकला. तिने एका घासात खाल्ला. मग मी पोहरा काढला, वाळूने घासला, आणि सनोबरसमोर बसून आतून, शिवणीवरून, काठावरून सगळा चाटला. जुन्या कातड्याची आणि चरबीची चव होती, दुसरं काही नव्हतं. यावरला काढायला इवझ खाली गेला होता म्हणून मी ते केलं. दुसरं कारण शोधू नका.

नेपेसबाबाने मला चाटताना बघितलं. विचारलं, हे काय? मी म्हणाले, आमच्याकडची रीत आहे. तो म्हणाला, चांगली आहे. मग त्याने पाणी चाखलं आणि गिळलं.

मशहदचा तांडा निघाला त्या सकाळी सनोबर माझ्यासमोर आली नाही. इवझ आला. त्याला माझ्या बापाचं गाव माहीत होतं, वाटेतच होतं. म्हणाला, "घरी काय सांगू?"

"सांग, यावरला पाणी लागलं होतं."

त्याने मान हलवली आणि गेला. सांगितलं असेल. अबोल माणसं निरोप विसरत नाहीत.

मला खीवाला पाठवायचं होतं, पण सरदाराने शब्द दिला होता जोडी विकायचा, आणि मी उरले होते एकटी. शब्दाच्या पक्क्या माणसाला हे कोडं काही सुटेना. शेवटी नेपेसबाबाने मला आपल्या पुतण्यासाठी मागून घेतलं. पुतण्या वाईट नव्हता, घोरायचा फक्त. पुढे रशियन आले, गुलाम सोडले म्हणाले, तोवर माझी मुलं घोड्यावर बसायला लागली होती. नेपेसबाबा गेल्यावर पाणी चाखायला मला बोलवायला लागले. मी आधी पोहरा चाटते, मग पाणी. माझं बघून सगळे करतात. माझ्या डोळ्यांसमोर ती वाडवडलांची रीत झाली.

त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे. इवझच्या विहिरीला सगळे इवझची विहीर म्हणतात, तांडे तिथे थांबतात, पाणी पिऊन वाहवा करतात. तिच्या शेजारी तो बुजलेला उंचवटा आहे, त्याला म्हणतात खारी. खारीपाशी उंट बांध, खारीच्या पलीकडे मेंढ्या ने. माझी नातवंडंसुद्धा. मी किती वर्षं सांगतेय की ते पाणी खारं नव्हतं. पोरं हसतात, म्हणतात, आजी, नेपेसबाबा थुंकला होता ना?

थुंकला होता. पण मी काठावर पालथी पडले होते आणि यावर खालून ओरडत होता. गोड आहे म्हणाला. आईशप्पथ म्हणाला.